फॅमिली केस स्टडीत मी ‘दुर्लक्ष करणारे पालक’ असं लिहिलं, आणि आता ते खुपतंय

पांढरा_ॲप्रन
नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी. सध्या आमचं कम्युनिटी पोस्टिंग बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात आहे. प्रत्येकीला एक कुटुंब दिलंय, त्याचा फॅमिली फोल्डर, म्हणजे घराच्या माहितीची आणि आरोग्याची फाइल, करायचा.

माझ्या कुटुंबात आजी-आजोबा आणि तीन नातवंडं. थोरली अकरा वर्षांची, मधला सातचा, धाकटा अडीच वर्षांचा. आई-वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेत. सोबत आठ महिन्यांचं बाळ नेलंय. परतायला मार्च-एप्रिल होईल.

फॉर्ममध्ये ‘कुटुंबाचा प्रकार’ असा रकाना आहे. तीन पिढ्यांपुढे टिक केली. पुढे ‘पालकत्वाची शैली’. वर्गात चार शैली शिकवल्या होत्या. पोरांना आंघोळ नाही, धाकट्याचे केस पिंगट, दंडाचा घेर मोजला तर 12.1 सेंटिमीटर, पट्टी पिवळ्यात, म्हणजे मध्यम कुपोषण. अंगणवाडीतून आलेली पोषण आहाराची पाकिटं फळीवर जशीच्या तशी. मी लिहिलं, ‘दुर्लक्ष करणारी शैली’.

मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि बाजूला एवढंच लिहिलं : ‘कोणी दुर्लक्ष केलं, ते नाव घालून लिही.’

दोन दिवस मी त्या ओळीपुढे बसून आहे. आईनं? ती तिथे नाहीच. आजीनं? तिला नीट दिसत नाही. थोरलीनं? ती स्वतःच लेकरू आहे. काय लिहू?

कोयत्याचा_पोर
ताई, राग मानू नका, पण तुमची ती ओळ वाचून छातीत कळ आली. मी अशाच घरात वाढलो. आई-बाप सहा महिने उसाच्या फडात, आम्ही भावंडं आजीजवळ. आज मी शिक्षक आहे. माझ्या शाळेच्या कुठल्यातरी कागदावर आमच्या घराबद्दल असाच एखादा शब्द पडला असेल, असं आता वाटतंय.

निघायच्या आदल्या रात्री माझी माय तीन महिने पुरेल एवढं पीठ दळून ठेवायची. तिखट, मीठ, डाळ, रॉकेल सगळं मोजून. प्रत्येकाच्या कपड्याचं वेगळं गाठोडं बांधायची. पहाटे तीनला ट्रॅक्टर यायचा, तेव्हा आम्ही झोपेत असावं म्हणून ती आम्हाला उठवायची नाही. सकाळी उशाला पार्ले-जीचा पुडा असायचा. कित्येक वर्षं त्या बिस्किटाचा वास आला की पोटात खड्डा पडायचा.

मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघांनी मिळून काम करायचं, म्हणून आईला मागे राहता येत नाही. हे सगळं कुठल्या शैलीत बसतं?

अभ्यासिका
धागा वाचतेय. आम्हालाही हाच फॉर्म आहे.

इन्स्ट्रक्टर_दीदी
मी कम्युनिटी हेल्थ शिकवते. मॅडमनी मारलेली रेघ मला आवडली. आधी त्या चार शैलींचं बघू, कारण परीक्षेत दरवर्षी त्यांचा घोळ होतो.

डायना बाउमरिंड यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला, बालवाडीच्या वयाची मुलं आणि त्यांचे पालक यांचा अभ्यास केला. त्यातून तीन शैली आल्या. एक, नियम ठाम पण मुलाचं ऐकून घेणारी, म्हणजे ऑथोरिटेटिव्ह. दुसरी, नुसता हुकूम, म्हणजे ऑथोरिटेरियन. या दोन शब्दांत अर्धा वर्ग अडकतो. तिसरी, माया भरपूर पण नियम नाहीत. चौथी, ना माया ना नियम, ही एलेनॉर मॅकोबी आणि जॉन मार्टिन यांनी 1983 मध्ये जोडली. त्यांनी दोन पट्ट्या धरल्या : पालक मुलाकडून किती अपेक्षा ठेवतात आणि त्याच्या गरजेला किती ओ देतात. दोन्ही पट्ट्या खाली असतील तर तो दुर्लक्षाचा चौकोन.

आता बघ. ही मांडणी मुलासोबत राहणाऱ्या पालकाच्या रोजच्या वागण्यावरून झाली आहे. सहा महिने शेकडो किलोमीटरवर असलेल्या आईच्या वागण्याचं माप तू कशावरून घेतलंस? फळीवरच्या पाकिटांवरून. ते शैलीचं माप नव्हे.

शिवाय ही मांडणी जिथे झाली ती घरं बहुतांश गोऱ्या मध्यमवर्गीयांची होती. रूथ चाओ यांनी 1994 मध्ये चिनी कुटुंबांबद्दल लिहिताना हेच दाखवलं की कडक म्हणून ज्या आयांना एका खान्यात टाकलं जातं, त्यांच्या कडकपणात मुलाला घडवण्याची, त्याच्यासाठी झिजण्याची भावना असते, आणि तो खाना ती पकडत नाही. आपल्याकडची ‘अभ्यास झाल्याशिवाय जेवायला वाढणार नाही’ म्हणणारी आणि मग स्वतःही न जेवता बसून राहणारी आई कुठे घालाल?

शैली शिकायच्या, नक्की शिकायच्या. मुलाच्या वागण्याकडे बघायची नजर त्यातून येते. पण घरी गेल्यावर पहिल्या भेटीत तो शिक्का मारायचा नाही.

निवृत्त_एलएचव्ही
पोरी, मी एकतीस वर्षं गावं हिंडले, आधी एएनएम, म्हणजे गावची आरोग्यसेविका म्हणून, मग एलएचव्ही, म्हणजे लेडी हेल्थ व्हिजिटर. तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग.

मी घरात शिरले की तीन गोष्टी विचारायचे, आणि त्या फॉर्मात नसायच्या. सकाळी या लेकराला उठवतं कोण? पहिला घास कोण भरवतं? रात्री ते रडलं तर कुणाच्या कुशीत जातं? तीनही उत्तरं एकाच माणसाची असली तर ते माणूस थकलंय का ते बघायचं. तीनही उत्तरं ‘कुणीतरी बघतं की’ अशी आली, तर घर कितीही भरलेलं असो, मी पुन्हा त्या घरी जायचेच. सोळा माणसांच्या वाड्यात मी कुपोषित मूल पाहिलंय. प्रत्येकीला वाटायचं दुसरीनं भरवलं.

आणि उलटंही. एका विधवा बाईची दोन मुलं. नवरा विहिरीच्या कामावर असताना वारला. फोल्डरवर तिच्यापुढे ‘एकल पालक, जोखीम’ असं लाल शाईनं लिहिलेलं. पण शेजारची जाऊ आणि ती, दोघी आळीपाळीनं मजुरीला जायच्या. जी घरी, ती चारही पोरं सांभाळायची. एकाही डोसची तारीख चुकली नाही. तिला खरी अडचण पैशाची होती. तिला बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून हवा होता, सल्ला नको होता. ती योजना आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुलेंच्या नावानं आहे, तुम्हा मुलींना माहीत असू द्या. एक पालक गेलेल्या मुलांनाही ती लागू होते.

अजून एक. लेकरासमोर ‘बिचारं’ म्हणायचं नाही. ते ऐकतं.

संथ_नदी
पूर्वी एकत्र कुटुंबात मुलं आपोआप वाढायची. आता सगळं विभक्त झालं आणि ही वेळ आली. मूळ कारण तेच आहे असं मला मनापासून वाटतं.

माहेरवाशीण
संथ_नदी, आपोआप कुणी वाढत नाही हो. त्या ‘आपोआप’मागे कुणीतरी बाई राबत असते. मी बावीस माणसांच्या घरात वाढले. आजीची माया खूप मिळाली, ते खोटं कसं म्हणू. पण दूध आधी चुलतभावांना, उरलं तर मुलींना. माझ्या आईला मला जवळ घेऊन बसता येत नसे, सासऱ्यांसमोर आपलंच मूल मांडीवर घेणं चांगलं दिसत नसे. ताप आला तर दवाखान्यात न्यायचं की नाही हे आजोबा ठरवत. ते शेतावरून येईपर्यंत आई थंड पाण्याच्या घड्या ठेवत बसे.

तेव्हा घरात माणसं किती, एवढ्यावरून काही कळत नाही. त्यातल्या आईला किती बोलता येतं, ते विचारा.

संथ_नदी
माहेरवाशीण, हा भाग माझ्या लक्षात नव्हता आला. माझी आईही सुनांमध्ये सर्वांत धाकटी होती. तिला कधी विचारलंच नाही मी.

वॉर्डातली_सिस्टर
पुण्यात बालरोग वॉर्डात बारा वर्षं आहे. माहेरवाशीण यांनी सांगितलं ते आम्ही डिस्चार्जच्या वेळी रोज बघतो, म्हणून नर्सिंगच्या मुलींसाठी जरा सविस्तर लिहिते.

पाच वर्षांचा एक मुलगा दम्यानं वर्षात चार वेळा ॲडमिट झाला. दरवेळी आईला पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, कसा द्यायचा ते दाखवायचो. मास्क नाकातोंडावर घट्ट, एक दाब, पाच-सहा श्वास, मग चूळ. आई हुशार, पहिल्या फटक्यात बरोबर करून दाखवायची. तरी मूल परत यायचं. चौथ्या वेळी आमच्या जुन्या सिस्टरनी तिला वेगळं घेऊन विचारलं, ‘घरी औषध देतं कोण?’ तेव्हा ती रडायलाच लागली. घरी सासूबाई द्यायच्या. आणि त्या देत नव्हत्या, कारण ‘पंपाची सवय लागते’. वाईट बाई नव्हती ती. नातवासाठी रात्र रात्र जागणारी, छातीला तेल चोळणारी. तिला कुणी काही समजावलंच नव्हतं, कारण भेटीच्या वेळी ती बाहेर बाकावर बसायची आणि आम्ही आत आईला शिकवत होतो.

पाचव्यांदा यायची वाट न बघता सिस्टरनी सासूबाईंना आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि पंप त्यांच्या हातात दिला. म्हणाल्या, ‘आजी, हा रोजचा पंप सवयीचा नाही, नळी सुजू नये म्हणून आहे. तुम्हीच द्या, तुमच्या हातनं तो घेतो.’ त्यानंतर दोन वर्षं तो मुलगा फक्त ओपीडीत दिसला.

तेव्हापासून मी आरोग्यशिक्षण कुणाला द्यायचं हे आधी ठरवते. विभक्त घर असेल तर बापाला ओआरएस कालवायला लावते. लिटरभर पाण्यात अख्खं पाकीट, अर्धं नाही, हे त्यानं स्वतःच्या हातानं केलं की रात्री दोनला आई झोपलेली असली तरी अडत नाही. शहरातल्या विभक्त घराचं दुखणं वेगळं आहे. बाळाला पहिल्यांदा ताप येतो आणि आईला विचारायला कुणी नसतं, ती मोबाइलला विचारते. जेवताना मोबाइल, झोपताना मोबाइल, आणि दोन वर्षांचं मूल शब्द बोलत नाही म्हणून ओपीडीत. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नकोच असं आपण सांगतो. ते सांगताना ‘मग स्वयंपाक होईपर्यंत मूल कुठे ठेवू’ याचंही उत्तर आपल्याकडे हवं. मी ताट-वाटी-चमचे देऊन ओट्याजवळ खाली बसवायला सांगते, आणि भाजीचं नाव घेत चिरायला. बऱ्याच जणी करतात.

मुलाचा स्वभाव हाही त्यातला एक भाग. थॉमस आणि चेस यांच्या न्यूयॉर्कच्या अभ्यासात, जो 1956 मध्ये सुरू झाला, काही मुलं जन्मतःच सोपी, काही अवघड, काही नव्याला हळूहळू सरावणारी दिसली. अवघड मुलाची आई ‘कडक’ दिसते, कारण दिवसभर तिची परीक्षा चाललेली असते. तिच्या वागण्यावर शेरा मारण्याआधी तासभर ते मूल सांभाळून बघा.

अभ्यासिका
सिस्टर, डिस्चार्जचं हे आम्हाला कुणी असं सांगितलं नव्हतं. वहीत उतरवून घेतलं.

गोंयकार_नर्स
आमच्या गोव्यातल्या सासष्टीत बाप बोटीवर नोकरीला हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. बाबा सहा-आठ महिने बोटीवर, मग दोन-तीन महिने घरी. घर त्या काळापुरतं बदलतं. आई एरवी सगळे निर्णय घेणारी, बाबा आले की गप्प. मुलगा दहा दिवस बाबांना चिकटून, मग चिडचिड सुरू, कारण नियम बदललेले. आणि बाबा परत गेले की अंथरूण ओलं करणं. लघवीची तपासणी करूनही काही न सापडलेली अशी मुलं आमच्याकडे आली आहेत. आता मी विचारते, ‘बाबा कधी गेले?’ उसाच्या पट्ट्यातही दिवाळीनंतरचे दोन आठवडे बघा.

कोयत्याचा_पोर
हे अगदी खरं. माझा धाकटा भाऊ दिवाळीनंतर बोलायचाच नाही. आजी म्हणायची, ‘मुकं झालंय, होईल बरं.’

इन्स्ट्रक्टर_दीदी
गोंयकार_नर्स यांच्या अनुभवावरून सुचलं. पांढरा_ॲप्रन, तू जिनोग्राम, म्हणजे कुटुंबाचा नात्यांचा आराखडा, एकच काढला असशील. दोन काढ. एक दिवाळीआधीच्या घराचा, एक आजच्या घराचा. एकत्र राहणाऱ्यांभोवती तुटक रेघ काढतो ना, ती दोन्हीकडे वेगळी येईल. मग प्रत्येक कामापुढे नाव लिही : भरवणं, आंघोळ, दवाखाना, पैसे, अभ्यास, रात्र. मॅडमना नाव हवंय ते दोषाचं नव्हे, कामाचं असावं असा माझा अंदाज आहे.

वेळ मिळाला तर घरातल्यांची एकमेकांना किती साथ वाटते ते मोजणारे फॅमिली ॲपगारचे पाच प्रश्नही विचार. स्मिल्कस्टाइन यांनी 1978 मध्ये केलेली छोटी प्रश्नावली आहे, प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण दहा. बाळाची जन्मावेळची तब्येत मोजणारा ॲपगार वेगळा, गोंधळ नको. पण ते प्रश्न थोरलीलाही विचार, आजीलाच नाही. बाजूला बसवून, सहज.

एक सावधगिरी. मुलीच्या अंगावर वळ दिसले, किंवा ती कुणाजवळ जायला घाबरते असं दिसलं, तर स्वतः चौकशी करत बसू नकोस. मॅडमना लगेच सांग, 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर 2012 च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. आईबाप दूर असलेल्या मुलीच्या बाबतीत हे डोक्यात ठेवूनच त्या घरी जायचं. आणि अकरा वर्षं म्हणजे अजून दोन-तीन वर्षांत तिच्या लग्नाचं बोलणं निघू शकतं. जोडी झाली की कोयता मिळतो, म्हणून त्या पट्ट्यात गेटकेनची लग्नं, म्हणजे जोडी करण्यासाठी उरकलेले बालविवाह, होतात. शाळा चालू राहणं हेच तिचं संरक्षण आहे.

पांढरा_ॲप्रन
सगळ्यांचे मनापासून आभार. कोयत्याचा_पोर, दादा, माफ करा. ती ओळ मी खोडली.

आज पुन्हा गेले होते, या वेळी संध्याकाळी. फॉर्म पिशवीतच ठेवला आणि एलएचव्ही माईंचे तीन प्रश्न विचारले. तिन्हीचं उत्तर एकच आलं, थोरली.

गावात शाळेच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं, संध्याकाळचं जेवण तिथे मिळतं. थोरली आणि मधला तिथे जेवतात. ती परत आली तेव्हा ओढणीत काहीतरी गुंडाळलेलं. स्टीलचा छोटा डबा, त्यात अर्धी चपाती आणि बटाट्याची भाजी. तिच्या वाटणीतली. भाऊ अडीच वर्षांचा, त्याचं नाव वसतिगृहात नाही. ती चुलीपुढे बसली, चपाती वरणात कुस्करली आणि बोटानं त्याच्या तोंडात घातली. त्यानं तोंड फिरवलं तर तिनं वाटी खाली ठेवली, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पुन्हा वाटी उचलली. तीन वेळा. आम्हाला ओ देणारं पालकत्व म्हणून जे शिकवतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि ते एक अकरा वर्षांचं लेकरू करत होतं. ती स्वतः किती खाते कोण जाणे. उद्या तिचं वजन-उंची घेणार आहे.

पाकिटांचं कळलं. ती आई शिजवायची. आजीला पाकिटावरचं दिसत नाही, तिला वाटलं ती गुरांची पेंड आहे. आज तिथेच गूळ घालून शिरा करून दाखवला, थोरलीला नव्हे, आजीलाच, माप मुठीनं. धाकट्यानं अर्धी वाटी खाल्ली. अंगणवाडीताईंना दंडाच्या घेराचं सांगितलंय, त्या उद्या वजन-उंची बघून नोंद घेतील.

आणि मी न राहवून आजीला विचारलं, एवढ्याशा पोराला मागे का ठेवलं. आजी म्हणाली, ‘गेल्या साली नेलं हुतं की. फडात ट्रॅक्टरच्या मागल्या चाकाजवळ जाऊन झोपलं. थोडक्यात वाचलं बघ. त्याची माय आठ दिस भाकर खाईना. म्हणून या साली छातीवर दगड ठिवून ठिवलंया माज्याकडं.’

म्हणजे मी ज्याला दुर्लक्ष म्हटलं, तो त्या आईनं त्याला वाचवायला घेतलेला निर्णय होता.

निवृत्त_एलएचव्ही
चांगलं काम केलंस पोरी. आता मला सांग, सोबत नेलेल्या बाळाचं लसीकरणाचं कार्ड कुठंय?

पांढरा_ॲप्रन
माई! कार्ड इथेच आहे. आजीच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली. मला पाहतानाही सुचलं नाही. चौदा आठवड्यांपर्यंतचे डोस झालेत. पुढच्या महिन्यात बाळाला नऊ महिने पूर्ण होतात.

निवृत्त_एलएचव्ही
गोवर-रुबेलाचा डोस तिकडेच घ्यावा लागेल. दोन्ही बाजूंचा फोटो काढून बापाच्या मोबाइलवर पाठव, आणि मूळ कार्ड पेटीत परत ठेव. त्याला सांग, फडाच्या जवळच्या गावातली आशा सेविका शोधून तिला फोटो दाखवायचा. गाव आपलं नाही म्हणून लस नाकारता येत नाही, सरकारी लस कुठेही मोफत मिळते. फोन रात्री नऊनंतर कर, त्याआधी ते फडातून आलेले नसतात.

पांढरा_ॲप्रन
रात्री सव्वानऊला लागला फोन. वडिलांशी बोलले, फोटो पाठवला. मग आईनं फोन घेतला. लशीचं तिनं नीट ऐकून घेतलं, तारीख दोनदा म्हणून दाखवली. मग विचारलं, ‘मॅडम, धाकटा जेवला का आज?’ मी शिऱ्याचं सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याला जरा पातळ लागतो. घट्ट असला की थुकतो.’ तेही फोल्डरमध्ये लिहिलंय.

वॉर्डातली_सिस्टर
शाबास. आजीच्या डोळ्यांचं मात्र राहिलं. मोतीबिंदू असेल तर तो काढल्याशिवाय भरवणं, औषध, पाकीट सगळं त्या पोरीच्याच अंगावर राहणार. ग्रामीण रुग्णालयात नेत्रतपासणी कोणत्या वारी असते ते विचार.

पांढरा_ॲप्रन
आशाताईंना विचारलं. गुरुवारी असते. सकाळी साडेसातची एसटी आहे. आजी म्हणते, धाकट्याला कोण बघणार, थोरलीची शाळा बुडेल. मी आणि माझी मैत्रीण, आमच्यापैकी एक जण घरी थांबेल, मॅडमची परवानगी मिळाली आहे.